नऊवारी बंदोबस्त

पार्वतीबाईंचं लाल इरकल घरात नाही, हे नागनाथरावांना मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता कळलं. पार्वतीबाईंना जाऊन सात महिने झाले होते. घरात काय कुठे ठेवलंय ते सांगणारं माणूसच राहिलं नव्हतं, त्यामुळे हल्ली मीठ शोधायलासुद्धा अर्धा तास लागायचा.

पण ही साडी म्हणजे मीठ नव्हे. नऊवारी लाल इरकल, पिवळा काठ, टोपपदर. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात पार्वतीबाईंनी बजावलं होतं, "अनूच्या साखरपुड्याला हेच नेसवायचं. आन् आधी उन्हाला दाखवा. डांबरगोळ्यांचा वास मारत लेक उभी राहायला नको." संकल्पशी साखरपुडा रविवारी होता. नागनाथरावांनी सोमवारी दुपारी साडी वरच्या गॅलरीच्या कठड्यावर टाकली. चिमटे लावा, असं बाईंनी सांगितलं नव्हतं म्हणून लावले नाहीत. संध्याकाळी आत घ्या, असंही सांगितलं नव्हतं.

त्यांनी पलंगाखाली पाहिलं, ट्रंकेत पाहिलं, कपडे धुण्याच्या मशीनमध्ये हात घालून स्वतःचा एक मोजा वर काढला. अनुश्री सीतापुऱ्याला कंपनीत जायच्या घाईत होती. एक हात ओढणीत आणि दुसरा डब्याच्या पिशवीत घालत ती म्हणाली, "पप्पा, बाहेर बघा ना. रात्री आंधी आली होती. मतलब, खाली गिरली असेल."

"गिरली न्हाई. पडली म्हण."

"पडली म्हटल्यावर लवकर सापडणार आहे का?"

ती स्कूटर काढून गेली. नागनाथराव चपला घालून गल्लीत उतरले.

जयपूरच्या राजा पार्क भागातल्या त्या मागच्या गल्लीत दोन दिवसांपूर्वी एक खड्डा उगवला होता. गटाराचा जुना पाइप काढून नवा टाकायचा होता, म्हणून माणूस छातीपर्यंत आत जाईल एवढा खोल खणला होता. नवा पाइप शेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. खड्ड्याभोवती चार बांबू होते, आणि त्या चार बांबूंना ताणून, गाठी मारून बांधलेलं होतं पार्वतीबाईंचं इरकल. पूर्ण वेढा बसूनही टोपपदर उरला होता. तो एका बांबूच्या टोकाला निशाणासारखा फडफडत होता. सहावारी असती तर एक बाजू उघडी राहिली असती.

"ओ भैया!" नागनाथराव ओरडले. "ये साडी मेरे मिसेस की है!"

खड्ड्याच्या काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला माणूस उठला. त्याचं नाव सुखदेव. ठेकेदाराचा सुपरवायझर. त्याने आधी नागनाथरावांकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे, आणि मग पहिल्यांदाच नीट साडीकडे.

"साड़ी? बाउजी, हम तो समझे ऑफिस ने भेजी है!"

झालं होतं ते असं. सुखदेवने तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसकडे सुरक्षेचं सामान मागितलं होतं. मंगळवारी सकाळी तो कामावर आला तर वाळूच्या ढिगावर लालभडक, लांबच लांब कापड पडलेलं. अकरा वर्षांच्या नोकरीत मागितलेलं सामान वेळेत येण्याची ही पहिलीच खेप. त्याला भरून आलं होतं.

"बरं, झाली चूक. सोडा आता, मी घेऊन जातो."

"अब कैसे ले जाओगे? फोटो चढ़ गया." सुखदेवने मोबाइल पुढे केला. ऑफिसच्या ॲपमध्ये पार्वतीबाईंच्या इरकलाचा फोटो होता, काठासकट, आणि त्याच्यापुढे हिरवी खूण. साहेबांनी मंजुरी दिली होती. "हटा दी तो साइट असुरक्षित हो जाएगी."

"आणि साडीनं सुरक्षित झाली?"

"ऑफिस में तो हो गई."

नागनाथरावांनी विचारलं, रस्त्यावर ठेवतात ते नारंगी कोन कुठे आहेत? कोन होते. साहेबांच्या गाडीची जागा दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून ऑफिसबाहेर मांडले होते. चमकणारी जाकिटं? तेही होतं, एक. पाच मजूर ते पाळीपाळीने घालून फोटो काढून घेत, म्हणजे पाचही जण सुरक्षित. खणलेली माती काठावरच का टाकली आहे? काठ बसला तर आतला माणूस गाडला जाईल. यावर सुखदेवने अत्यंत आदराने विचारलं, "बाउजी, आप इंजीनियर हो क्या?"

"मुकादम. रेल्वेत, गँगचा."

चौतीस वर्षं नागनाथरावांनी रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगा सांभाळल्या होत्या. कुर्डुवाडीला सुरुवात केली आणि बदल्या होत होत जयपूरला निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या गँगच्या एकाही माणसाला गाडीने शिवलं नव्हतं, आणि हे ते दिवसातून निदान एकदा कोणाला तरी सांगत.

त्यांनी सरळ जाऊन पहिली गाठ सोडायला घेतली. तेवढ्यात एक बाई स्कूटरवरून आल्या. पायाशी गॅसचा सिलिंडर, मान आणि खांद्यामध्ये मोबाइल. लाल कापड दिसलं तशा त्या बोलणं न थांबवता वळसा घालून गेल्या. नागनाथरावांचा हात गाठीवरच थांबला.

"लाल निशाण काढायचं ते काम संपल्यावर, आणि मुकादमाच्या हुकमावर," ते सुखदेवला म्हणाले. एका गँगमनने जेवणाचा डबा बांधायला निशाण सोडून घेतलं होतं, तेव्हा नागनाथरावांनी त्याला स्वतः साहेबापुढे उभं केलं होतं. साडी घरची होती, पण आता ती निशाण होती. शिवाय संध्याकाळी साडेसहाला अनुश्री याच रस्त्याने स्कूटरवरून परतणार होती.

"ऐसा करो," सुखदेवलाही आता वाईट वाटत होतं. "आप दूसरा कुछ बंदोबस्त कर दो. मैं नया फोटो डाल दूँगा. माँजी की साड़ी आपकी."

नागनाथरावांच्या अंगात चौतीस वर्षं एकदम उभी राहिली.

बुधवारी सकाळी त्यांनी माळ्यावरून दोन लाल निशाणं काढली. सोबत शेजारचे जनार्दन सुभेदार आले. सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त. रेल्वे हे खातं शिस्तीचं आहे, हे त्यांना कधीच पटलं नव्हतं.

"निशाण लावायचं कुठं?" सुभेदारांनी विचारलं.

"सहाशे मीटरवर. दोन्ही बाजूंना."

"आवं, गल्लीच तीनशे मीटरची हाय!"

"गाडी थांबायला जागा लागती सुभेदार."

"स्कूटरला सहाशे मीटर?"

"नियम हाय. खरं तर बाराशेवर रुळाला चाकाखाली वाजणारे तीन फटाके बांधायचे असतात. पण रूळ न्हाईत."

"न्हाईत ते बरं हाय," सुभेदार म्हणाले.

दोघे मोजत निघाले. सुभेदार पावलांनी मोजत होते आणि मुकादम मनातल्या मनात रुळांखालचे स्लीपर मोजत होते, त्यामुळे दोघांचे सहाशे मीटर वेगवेगळ्या ठिकाणी संपले. शेवटी नागनाथरावांचे सहाशे धरले. पार्वतीबाई म्हणायच्या, "तुम्हाला सहाशे मीटरवरचं दिसतं, पायाजवळचं दिसत न्हाई." त्यांच्या दुखण्याच्या बाबतीत ते खरं ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगेपर्यंत नागनाथरावांना काही दिसलं नव्हतं.

पहिलं निशाण मोठा रस्ता ओलांडून पलीकडे, फळांच्या गाड्यांशेजारच्या झाडाखाली आलं. हलू नये म्हणून बुडाला पाच दगड लावले. दुसरं निशाण विरुद्ध दिशेला, चौकातल्या सिग्नलच्या खांबाला बांधलं. तिथून खड्डा दिसत नव्हता आणि खड्ड्यावरून निशाण दिसत नव्हतं. नागनाथराव समाधानाने घरी येऊन जेवले.

दुपारी पाहणीला गेले तर चौकातलं निशाण गायब. लाल दिव्याला कधी न थांबणारी माणसं लाल निशाणाला मात्र थांबली होती, तीही दिवा हिरवा असताना. मागे बसस्टॉपपर्यंत गाड्या लागल्या. शेवटी वाहतूक हवालदाराने निशाण जप्त केलं.

झाडाखालचं निशाण जागेवर होतं. त्याला झेंडूची माळ होती. बुडाच्या पाच दगडांपैकी सर्वांत मोठ्याला शेंदूर लागला होता, आणि दोन बायका डोक्यावरचा पदर सावरून उदबत्ती लावत होत्या. एका रिक्षावाल्याने सुभेदारांना विचारलं, "किसका थान है, बाबूजी?"

सुभेदार खोटं बोलत नसत. ते म्हणाले, "मुकादम का."

"मुकादम बाबा," रिक्षावाल्याने हात जोडले. निघताना त्याने भोंपू दोनदा वाजवला.

"घ्या काढून," सुभेदार नागनाथरावांच्या कानात म्हणाले.

"तुम्ही काढा. फौजेतले ना तुम्ही?"

कोणीच काढलं नाही.

त्या संध्याकाळी अनुश्रीने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "पप्पा, तिकडे संकल्पची आई रोज फोन करून विचारते, नऊवारी नेसणार ना? मी काय सांगू? साडी ड्यूटीवर आहे?"

"रविवारच्या आत आणतो."

"आणि तुम्ही देव झालात ते पण सांगू का?"

गुरुवारी सकाळी सुभेदारांनी सूत्रं हातात घेतली. "मुकादम, सहाशे मीटर सोडा. खड्ड्याच्या तोंडाशी पाटी लावा. फौजेत हुकूम दोन शब्दांचा असतो. लांबलचक लिहू नका, गाडीवरच्या माणसाला वाचायला वेळ न्हाई."

नागनाथरावांनी जुन्या ट्रंकेचं झाकण काढलं, त्याला पिवळा रंग दिला आणि काळ्या रंगाने, मोठ्या आणि सुबक अक्षरात लिहिलं:

सावधान! खाली खड्डा. खोल.

सुभेदारांनी दहा पावलं मागे जाऊन वाचलं, पंधरा पावलं जाऊन वाचलं आणि मान डोलावली. पाटी बांबूला तारेने बांधली. सुखदेवलाही ती बरी वाटली. मजुरांची जेवणाची सुट्टी झाली की फोटो काढू आणि साडी सोडू, असं ठरलं. सगळे सावलीला गेले. नागनाथराव साडी ठेवायला घरून स्वच्छ पिशवी आणायला गेले.

आता मागच्या रस्त्यावर कोणाचं तरी जुनं घर पाडत होते. त्याचा राडारोडा भरलेली एक ट्रॅक्टरट्रॉली सकाळपासून राजा पार्कात फिरत होती. जिथे थांबावं तिथून लोक हाकलत होते. ड्रायव्हर कंटाळला होता, पण माणूस कायद्याने चालणारा होता. गल्लीत वळल्यावर त्याला पिवळी पाटी दिसली. खाली खड्डा. त्याने खात्री करून घेण्यासाठी उतरून आत डोकावून पाहिलं. खड्डा खरोखरच खाली होता, म्हणजे त्याच्या हिंदीतला खाली, रिकामा. पाटीवर पुढे लिहिलं होतं, खोल. त्याने ट्रॉलीचं मागचं फळकं खोललं.

आवाज ऐकून सगळे धावले. धूळ बसली तेव्हा खड्डा काठोकाठ भरला होता. विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, निम्मं वॉशबेसिन. एक बांबू आडवा झाला होता आणि टोपपदर राड्याखाली गेला होता. मजूर जेवायला बाहेर होते एवढंच नशीब. नागनाथरावांनी ते पाचही जण दोनदा मोजले.

"क्या किया ये!" सुखदेव ओरडला.

"लिखा तो है," ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. "खाली खड्डा. खोल. हमने खोल दिया." आणि पाटीसारखी चांगली सोय केल्याबद्दल नागनाथरावांना नमस्कार करून तो निघून गेला.

नागनाथराव पाटीकडे बघत राहिले. बावीस वर्षं ते जयपुरात होते, आणि अक्षर खरंच सुबक आलं होतं.

सुखदेवने घाबरत घाबरत राड्याचा फोटो काढून ॲपवर चढवला. झालेला प्रकार लिहायला तिथे जागा नव्हती, फक्त फोटोला होती. सातव्या मिनिटाला साहेबांचा फोन आला. सुखदेवने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"शाबाश सुखदेव! चार दिन में काम पूरा!"

"साहब, पाइप तो डाला ही नहीं."

"फोटो में गड्ढा दिख रहा है क्या?"

"नहीं साहब."

"तो? कल से दूसरी साइट पकड़ो."

मोबाइलवर हिरवी खूण आली. काम पूर्ण. मजुरांनी फावडी गोळा केली. सुखदेव नागनाथरावांसमोर येऊन उभा राहिला. "बाउजी, काम ख़तम. आपका ही क़ायदा है. हुकम करो तो निशान उतारें?"

भिंतीला टेकलेला पाइप नागनाथरावांना दिसत होता. असल्या कामावर त्यांनी गँगच्या कुठल्याही माणसाला घरी जाऊ दिलं नसतं. पण गुरुवार अर्धा संपला होता आणि रविवार जवळ आला होता.

"काढा," ते म्हणाले.

पाच मजुरांनी हातांनी विटा बाजूला करून टोपपदर मोकळा केला. एक खिळा लागून तो दोन बोटं फाटला होता, आणि चिखलाचा एक डाग होता. सुखदेवने साडीची घडी घातली, कपाळाला लावली आणि पिशवीत ठेवली. बांबू तिथेच भिंतीशी पडून राहिले.

रविवारी साखरपुडा झाला. फाटलेला भाग सुभेदारांच्या विजयमालावहिनींनी दुमडून आत घेतला आणि वर एक पिन लावली. डाग धुऊन फिका झाला होता. संकल्पच्या आई काठ हातात घेऊन म्हणाल्या, "किती जपून ठेवलीय हो साडी!" सुभेदारांना ठसका लागला. अनुश्री औक्षणासाठी पाठमोरी वळली तेव्हा नागनाथराव कोणी हाक मारल्यासारखे खुर्चीतून उठले. मग पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि जरा उशिरा बाहेर आले.

पुढच्या गुरुवारी दुपारी पाण्याचा टँकर गल्लीतून गेला. त्याच्या मागच्या चाकाखाली राडारोडा बसला, आणि जिथे काम पूर्ण झालं होतं तिथे गुडघाभर खोल, परातीएवढी तोंडाची, अगदी दिसणार नाही अशी खोंगळ पडली. आत निम्मं वॉशबेसिन वाट बघत होतं.

नागनाथरावांनी सुखदेवला फोन लावला.

"बाउजी, वो साइट तो पूरी हो गई," सुखदेव म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुःखी होता. "जो पूरी हो गई, उसकी शिकायत ॲप लेता ही नहीं. मैंने दो बार डालके देखा."

सहा वाजत आले होते. त्यांनी अनुश्रीला फोन केला. तिने उचलला नाही. स्कूटर चालवताना फोन उचलायचा नाही, ही शिस्त तिला त्यांनीच लावली होती. निशाणांपैकी एक हवालदाराकडे होतं आणि दुसऱ्याला आता पत्र्याचं छप्पर आलं होतं. पाटी पलंगाखाली होती आणि तिथेच राहणार होती. त्यांनी घरात लाल काही शोधलं. एक बादली सापडली. तिला भोक होतं आणि ती खोंगळीत सरळ आत जात होती.

मग त्यांनी कपाट उघडलं. इरकल धुऊन, इस्त्री करून, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते मांडीवर घेतलं. डांबरगोळ्यांचा वास गेला होता. आता नुसता साबणाचा येत होता. घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

सुभेदार फिरायला निघाले होते. नागनाथराव गल्लीच्या मधोमध उभे राहून बांबूला गाठ मारताना दिसले, तसे ते थबकले. "मुकादम, आवं, ती वहिनींची..."

"त्या टोकाला धरा सुभेदार. जरा ताणून."

सुभेदारांनी टोक धरलं.

साडेसहाला अनुश्रीची स्कूटर गल्लीत वळली. लाल कापड दिसलं तसा तिने वेग कमी केला, वळसा घेतला आणि पलीकडे जाऊन थांबली. हेल्मेट काढून ती बघतच राहिली.

"पप्पा! आईची साडी?"

"हां," नागनाथराव म्हणाले. "या वेळी चिमटे लावलेत."

ती काठाजवळ आली आणि तिने आत वाकून पाहिलं. मग स्कूटर स्टँडला लावली आणि एका बाजूची ढिली पडलेली गाठ घट्ट करायला घेतली.

पाइप अजून भिंतीला टेकून उभा आहे. तो टाकायचा राहिला आहे.